रात्रीच्या शांततेत लिहिलेले पुस्तक

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. (वसई-विरारकडील मुलांनी नामसादृश्यामुळे हे आपले पालघर समजू नये, पालगड दापोली तालुक्यात आहे.) घराणे खोताचे, परंतु पांडुरंगाच्या बालपणीच त्याला उतरती कळा लागली होती. त्या दारिद्र्यातही आई यशोदाबाई मुलांच्या मनाला वळण लावीत असे. मुलगा शिक्षणासाठी परगावी असतानाच १९१७ मध्ये ती माउली वारली. अखेरच्या घटकेला आपण तिच्याजवळ नव्हतो, हे शल्य त्याला जन्मभर सलत राहिले.

पुढे एम. ए. होऊन पांडुरंगराव अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, छात्रालयही सांभाळू लागले आणि मुलांचे साने गुरुजी बनले. १९३० साली नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत. ते उतरून घेण्याचे काम गुरुजींनी केले. बोलणाऱ्याच्या ओघाबरोबर धावणारी लेखणी नाशिकच्या तुरुंगात त्यांच्या उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

नाशिकला दिवस कामात जाई. दिवसा मन आपले नसते; ते कामाचे, पहारेकऱ्यांचे आणि सोबत्यांचे असते. रात्री मात्र बराकीत निजानीज झाली, की गुरुजींचे मन थेट पालगडच्या अंगणात जाऊन उभे राही. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. माघी पौर्णिमेचे ते दिवस होते. पंधरा वर्षे मनात साठलेले आता आवरेना. तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि त्याच्या पायांखाली आपले ओचे पसरणारी आई. पोहावयास भिणारा श्याम आणि त्याला शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडणारी तीच आई! लिहिता लिहिता गुरुजींचे हृदय पुनःपुन्हा भरून येई. सोमवार, १३ फेब्रुवारीला पहाटे त्यांनी लेखणी खाली ठेवली. जवळजवळ सारे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत उतरले होते.

पुढे थोडी भर आणि काटछाट होऊन १९३५ साली ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकंदर बेचाळीस. आश्रमातील प्रार्थना आटोपली, की श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. तुरुंगातील रात्रींनीच पुस्तकाला हा घाट दिला की काय, कोण जाणे!

पुस्तकाच्या अखेरीअखेरीस आई आजारी पडते. श्याम लगबगीने निघतो, लांबचा प्रवास करून पालगडला पोचतो. पण तोपर्यंत आई गेलेली असते.