दादोबा पांडुरंग आणि मराठी वाक्यविचार

मागील भागात केवल, मिश्र व संयुक्त या वाक्यप्रकारांचा परिचय तुम्ही करून घेतला. आता पुढील चार वाक्ये वाचा. पाऊस पडल्यामुळे तेरणेला पाणी आले. पाऊस पडला म्हणून तेरणेला पाणी आले. जेव्हा पाऊस पडला तेव्हा तेरणेला पाणी आले. पाऊस पडावा म्हणून गावाने येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलला. धाराशिव जिल्ह्यातील कोणाही शेतकऱ्याला पहिल्या तीन वाक्यांचा आशय जवळजवळ एकच वाटेल, आणि ते योग्यच आहे. परंतु पहिले वाक्य केवल, दुसरे संयुक्त व तिसरे मिश्र आहे. चौथ्यात दुसऱ्यातलाच ‘म्हणून’ आहे, तरीही ते वाक्य मिश्र ठरते. हा भेद मराठीत शिकविण्याजोगा कसा झाला, हे समजून घेण्यासाठी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र पाहणे उपयुक्त ठरेल.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. प्रारंभीचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत आणि नंतरचे इंग्रजी शिक्षण, असा त्यांच्या पिढीचा क्रम त्यांच्याही वाट्याला आला. पंतोजींच्या शाळेत मुले मोडी वळण गिरवीत, हिशेब करीत, पाठांतर करीत. मराठीचे व्याकरण म्हणून काही शिकविले जात नसे. व्याकरण म्हणजे संस्कृताचे, अशीच समजूत होती. मराठीची व्याकरणे लिहिली गेली नव्हती असे नाही. विल्यम केरी यांचे व्याकरण 1805 मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले होते, पण ते मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी इंग्रजीत लिहिलेले होते. जन्मापासून मराठी बोलणाऱ्या मुलाला त्याचीच भाषा उलगडून दाखवायची, हे काम निराळे होते. 1836 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करून ते हाती घेतले.

या पुस्तकाचा साचा बव्हंशी इंग्रजी व्याकरणाचा, विशेषतः लिंडले मरे यांच्या तेव्हा सर्वत्र चालणाऱ्या पुस्तकाचा होता. परिभाषा मात्र संस्कृतातून घडविलेली होती. या मिश्रणावर पुढे पुष्कळ टीका झाली. तथापि आपल्या विषयापुरते पाहता, त्यातून एक मोलाची गोष्ट हाती आली. संस्कृत परंपरेत ‘च’, ‘वा’ यांसारखे शब्द निपातांच्या मोठ्या समूहात मोडतात. दोन वाक्ये जोडणाऱ्या शब्दांसाठी तेथे स्वतंत्र खाते नाही. इंग्रजी व्याकरणात ते आहे. दादोबांच्या पुस्तकाने हा वर्ग मराठी शाळांत रुळविला आणि त्याचे नाव झाले उभयान्वयी अव्यय. या नावाची फोड तुम्ही स्वतः करून पाहा: उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध. दोन्ही बाजूंशी संबंध राखणारा तो उभयान्वयी. असा शब्द दिसला की त्याच्या डावीकडे काय आहे आणि उजवीकडे काय आहे, हे पाहणे क्रमप्राप्त होते. संयुक्त आणि मिश्र वाक्यांची ओळख येथूनच सुरू होते.

त्या काळच्या वाचकाची अडचण आज आपल्या सहज ध्यानात येत नाही. मोडी लेखनात शब्द सुटे लिहीत नसत आणि विरामचिन्हेही नसत. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हे मराठीत रुजविण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक 1850 मधले आहे. त्यापूर्वी वाक्य कोठे संपले हे क्रियापद सांगत असे आणि पुढचे वाक्य कोठे जोडले गेले हे ‘आणि’, ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘की’ यांसारखे शब्द सांगत असत. आजही विरामचिन्हांवर विसंबून वाक्यांचे पृथक्करण करणारा विद्यार्थी फसतो. क्रियापदे मोजणारा सहसा फसत नाही.

लेखक म्हणून नाव झाले तरी दादोबांचा मूळ व्यवसाय शिक्षकाचाच राहिला. माळव्यातील जावऱ्याच्या नवाबाला त्यांनी शिकविले, एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केले, सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्य झाले. सुरतेत 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजी आदींसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. मुंबईस परतल्यावर शिक्षक घडविणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. जातिभेद न मानणारी परमहंस सभा याच सुमारास उभी राहिली आणि तिचे ते एक प्रमुख होते. ही सभा गुप्त होती. तिची गुप्तता फुटल्यावर ती टिकली नाही. सुधारक म्हणून दादोबांनी जे आरंभिले ते पुढे त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या प्रार्थना समाजात उघडपणे आले.

1852 मध्ये ते अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. त्या जिल्ह्याची आग्नेय सीमा तुमच्या भूम-परांड्याला लागून आहे. दादोबा नगरला असतानाच, 1853 ते 1860 या काळात, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि परत निजामाकडे आला. पुढे 1948 पर्यंत येथील राजवट निजामाची राहिली व सरकारी शिक्षणात उर्दूला प्राधान्य मिळाले. मुंबई इलाख्यातील मुलांना जी मराठी व्याकरणाची परंपरा शाळेत आपसूक लाभली, ती या भागात सर्वांना तशी लाभली नाही.

आपल्या ग्रंथाच्या आवृत्त्या काढताना दादोबा तो वाढवीत गेले. 1850 ची दुसरी आवृत्ती पहिलीहून बरीच विस्तृत आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रका’तून या व्याकरणाची कसून चिकित्सा केली. दादोबा मात्र अखेरपर्यंत विषयाला चिकटून राहिले. त्यांची ‘पूरणिका’ 1881 मध्ये, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर पंचेचाळीस वर्षांनी आली. मधल्या काळात, 1865 मध्ये, मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. व्याकरणकाराने काव्यावर टीका लिहावी यात आश्चर्य नाही. मोरोपंतांच्या श्लोकात कर्ता एका चरणात, क्रियापद तिसऱ्या चरणात, तर संबंधी वाक्य मध्येच अडकलेले असते. तेथे अन्वय लावणे म्हणजे क्रियापद शोधणे, त्याचा कर्ता शोधणे आणि उरलेली वाक्ये कोणाच्या आधाराने उभी आहेत हे ठरविणे. तुम्ही परीक्षेत करता ते वाक्यपृथक्करण याहून वेगळे नाही.

इंग्रजी साच्याची मर्यादाही येथे लक्षात घेतली पाहिजे. ‘भाविक तुळजापूरला आले, त्यांनी कल्लोळ तीर्थात स्नान केले आणि देवीचे दर्शन घेतले’ हे संयुक्त वाक्य आहे. पण मराठी माणूस बहुधा असे बोलत नाही. तो म्हणतो, ‘तुळजापूरला येऊन, कल्लोळ तीर्थात स्नान करून भाविकांनी देवीचे दर्शन घेतले.’ क्रिया तीनच आहेत, पण ‘येऊन’ व ‘करून’ ही कृदंते असल्याने पूर्ण क्रियापद एकच उरते आणि वाक्य केवल ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठीचा खरा कल या कृदंतांकडे आणि ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ अशा जोड्यांकडे आहे; केवळ अव्ययांवर लक्ष ठेवले तर भाषेचा हा मोठा भाग नजरेतून निसटतो.

उभयान्वयी अव्ययही एकाच अर्थाने येत नाही. आरंभीच्या दुसऱ्या वाक्यातील ‘म्हणून’ परिणाम सांगतो. त्याच्या दोन्ही बाजूंची वाक्ये स्वतंत्रपणे उभी राहतात. चौथ्यातील ‘म्हणून’ उद्देश सांगतो. ‘पाऊस पडावा’ हे वाक्य नवसाच्या वाक्यावर अवलंबून आहे. म्हणून पहिला प्रधानत्वबोधक व दुसरा गौणत्वबोधक.

दादोबांचे निधन 17 ऑक्टोबर 1882 रोजी झाले. त्यांचे अपूर्ण राहिलेले आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादून 1947 मध्ये प्रकाशात आणले. व्याकरणाच्या क्षेत्रात त्यांच्या ग्रंथाची सविस्तर फेरतपासणी मोरो केशव दामले यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त केली. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. पुढील भागात त्यांच्या ग्रंथाकडे वळण्यापूर्वी दोन वाक्ये स्वतः तपासा: ‘नळदुर्गला जायचे की परांड्याला जायचे?’ आणि ‘गुरुजी म्हणाले की नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल आहे.’ दोन्हींत ‘की’ आहे. त्यांतील कोणते वाक्य मिश्र आणि कोणते संयुक्त, हे कारणासह वहीत लिहा.