बडोद्याचे मल्हारराव महाराज आणि रसायनाची साक्ष

बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील राजपुरुषांची नावे निघाली की दुसरे सयाजीराव, खंडेराव आणि तिसरे सयाजीराव यांचे स्मरण आदराने होते. मल्हाररावांचे नाव मात्र अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते. विषप्रयोगाच्या आरोपावरून ज्यांची उघड चौकशी झाली, असे हे मराठी राजे. त्यांचा कारभार वाईट होता, याविषयी इतिहासकारांत फारसा मतभेद नाही. परंतु ज्या कृत्याचा आरोप त्यांच्यावर आला ते त्यांनी खरोखरच केले होते काय, हा प्रश्न त्यांच्या मृत्यूनंतर शतक उलटून गेले तरी मिटलेला नाही. विशेष म्हणजे या खटल्यात विष होते की नव्हते याचा वाद नव्हता. विष सापडले होते. ते कोणते होते हेही रसायनशास्त्राने सांगितले होते.

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. दुसऱ्या सयाजीरावांचे हे धाकटे चिरंजीव. वडिलांच्या मागे प्रथम गणपतराव आणि १८५६ पासून खंडेराव गादीवर आले. थोरल्या भावांच्या सावलीत वाढणाऱ्या या राजपुत्राच्या शिक्षणाकडे कोणी लक्ष दिल्याचे दिसत नाही. १८६३ च्या सुमारास खंडेरावांचा घात करण्याच्या कटात ते सामील असल्याचा संशय आला आणि त्यांना पाद्रा येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. तारुण्याच्या उमेदीची सात वर्षे त्यांनी तेथे काढली. राजवाड्यातील हेव्यादाव्यांत विषाचा संशय ही तेव्हा नित्याची बाब होती, आणि या संशयाची छाया मल्हाररावांवर गादीवर बसण्यापूर्वीच पडलेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव निवर्तले आणि कैदखान्यातील भाऊ एकाएकी राजा झाला. त्यातही एक पेच होता. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, असे ठरले होते. त्या काळात आपल्या जिवाला धोका आहे, या भीतीने जमनाबाईंनी रेसिडेन्सीचा आश्रय घेतला. जुलै १८७१ मध्ये त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांचे राज्य निष्कंटक झाले. जमनाबाई पुण्यास निघून गेल्या. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगात पडले आणि तेथेच मरण पावले. त्या मृत्यूविषयीही लोक विषाचेच नाव घेत.

पुढील तीन वर्षांचा कारभार थोडक्यात सांगितलेला बरा. खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतविल्या होत्या, मल्हाररावांनी सोन्याच्या ओतविल्या. जुन्या सरदारांची आणि सावकारांची लूट झाली, रयतेवर करांचा बोजा वाढला, कुलीन स्त्रियांना बळजबरीने वाड्यात आणल्याच्या तक्रारी झाल्या. मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे रेसिडेंट म्हणून आले. हा गृहस्थ तापट आणि हेकेखोर होता. पण तक्रारी त्याने निर्माण केल्या नव्हत्या, त्या होत्याच. कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि जुलै १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी सुधारणेसाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. दादाभाई नौरोजी यांच्यासारखा निःस्पृह पुरुष याच वेळी बडोद्याचा दिवाण झाला. त्यांचे आणि रेसिडेंटचे एक दिवसही पटले नाही. महाराजांनी १८७४ मध्येच लक्ष्मीबाईंशी लग्न केले होते. ते लग्न आणि ऑक्टोबरात झालेला पुत्र या दोहोंनाही मान्यता देण्यास फेअर तयार नव्हते. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयकडे खलिता पाठवून रेसिडेंट बदलून देण्याची मागणी केली.

त्यानंतर आठवड्याने, ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी, कर्नल फेअर फिरून परत आले. त्यांच्या कचेरीच्या खोलीत नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला होता. एकदोन घोट घेऊन चव न रुचल्याने त्यांनी उरलेले सरबत खिडकीबाहेर फेकले. काही वेळाने डोके गरगरू लागले, पोटात मळमळू लागले. पेला उचलून पाहतात तो तळाशी काळसर गाळ. रेसिडेन्सीचे डॉक्टर सेवर्ड यांना बोलावण्यात आले आणि ते तो पेला घेऊन गेले.

या खटल्याचा सर्वांत शांत आणि सर्वांत भक्कम भाग येथून सुरू होतो.

पांढरा सोमल हे त्या काळचे सर्वत्र मिळणारे विष. उंदीर मारण्यास, गुरांच्या औषधास, कातडी टिकविण्यास त्याचा उपयोग होई. बाजारात बोहऱ्यांच्या दुकानी तो सहज मिळे. त्याला वास नाही, चव जवळजवळ नाही, आणि पोटात गेल्यावर उलटी, जुलाब, पेटके अशी जी लक्षणे होतात ती पटकीच्या लक्षणांशी इतकी जुळतात की वैद्यही फसत. गुन्हेगारांना तो इतका प्रिय का होता, हे यावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांपर्यंत न्यायालयाला पटेल असा सोमलाचा पुरावा देणे अवघड होते. १८३३ साली इंग्लंडात बोडल नावाच्या तरुणावर आजोबांना विष घातल्याचा खटला झाला. रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी सोमलाचा पिवळा साका तयार केला, पण पंचांसमोर येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. या अपयशाने जिव्हारी लागलेल्या मार्श यांनी १८३६ मध्ये नवी रीत प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ जस्त आणि आम्ल यांत घातला की निघणाऱ्या हायड्रोजनाबरोबर सोमलाचा वायू बाहेर पडतो. ती ज्योत थंड चिनी मातीवर धरली की काळसर चकचकीत डाग उमटतो. पुढे १८४१ मध्ये राइन्श यांनी याहून सोपी रीत दिली. आम्लात संशयित द्रव उकळून त्यात तांब्याची स्वच्छ पट्टी बुडविली की तिच्यावर करडा थर चढतो. ती पट्टी नळीत तापविली की थंड भागी बारीक स्फटिक जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आठ पैलू दिसले की संशयाला जागा उरत नाही.

या रीतींना त्यांचे धोकेही होते. मार्शच्या रीतीत वापरलेल्या जस्तातच सोमलाचा अंश असेल तर निरपराध माणूस फासावर जायचा. पॅरिसचे ऑर्फिला यांनी या धोक्याचा विचार करून प्रथम रिकामे उपकरण चालवून पाहण्याची शिस्त घालून दिली. १८४० च्या लाफार्ज खटल्यात त्यांच्या साक्षीने सर्व युरोपचे लक्ष वेधले होते. त्या शिस्तीची परंपरा हिंदुस्थानातही आली. मद्रास, कलकत्ता, आग्रा येथे रसायन-परीक्षक नेमले गेले आणि १८७० मध्ये मुंबईतही अशी प्रयोगशाळा सुरू झाली. म्हणजे बडोद्याचे प्रकरण उद्भवले तेव्हा मुंबईचे हे खाते अवघे चार वर्षांचे होते.

डॉ. सेवर्ड यांनी पेल्यातील गाळाचा थोडा भाग कोळशाबरोबर नळीत तापविला. नळीच्या थंड भागावर धातूसारखे कडे जमले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना अष्टपैलू स्फटिकही दिसले. उरलेला गाळ मुंबई सरकारचे रसायन-विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. ग्रे यांचा निर्णय स्पष्ट होता : गाळात पांढरा सोमल आहे. त्याबरोबर अतिशय कठीण आणि चमकदार असे बारीक कणही होते. ते काचेचे, गारेचे की हिऱ्याचे, हा प्रश्न राहिला. तांबे मात्र नव्हते. ही गोष्ट दिसते तेवढी क्षुल्लक नाही. फेअर यांना खबर देणाऱ्या भाऊ पुणेकराने सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे अशा तिहेरी विषाची वार्ता आणली होती, आणि फेअर यांनाही तोंडात तांब्यासारखी चव आल्याचे वाटले होते. प्रयोगशाळेने तिहींपैकी एकाची निश्चिती केली, एकाविषयी शक्यता दर्शविली आणि एकाला नकार दिला. सांगीव माहिती आणि तपासलेली वस्तू यांतील अंतर त्या एका अहवालात दिसते.

हिऱ्याच्या पुडीविषयी एक शब्द. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या कथा आपल्याकडे घरोघर सांगितल्या जातात. वास्तविक हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटातील आम्लाचा त्यावर काही परिणाम होत नाही आणि त्याची बारीक पूड विष म्हणून काम करीत नाही. आजच्या प्रयोगशाळेत असा कण हिऱ्याचा की गारेचा, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने थोड्या वेळात ठरविता येते. १८७४ मध्ये मात्र हिऱ्याचा संशय राजवाड्याकडे बोट दाखवीत होता, कारण नोकरचाकरांना हिरे कोठून मिळणार?

नोव्हेंबरअखेर सरकारने फेअर यांना पद सोडावयास लावले आणि सर लुईस पेली बडोद्यास आले. मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर यांनी तपास हाती घेतला. रेसिडेन्सीतील आया अमीना, हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांचे रात्री गाडीने वाड्यावर जाणे-येणे उघडकीस आले. रावजीने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली आणि पेल्यात पूड आपणच टाकल्याचे सांगितले. त्याच्या पट्ट्यात पुडी सापडली, तीही सोमलाचीच निघाली. नरसूने विहिरीत उडी घेतली, पण वाचला. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. त्यांचे खाजगी चिटणीस दामोदर त्रिंबक यांनी काही दिवसांच्या कोठडीनंतर माफी मिळवून साक्ष दिली. सोमल घोड्याच्या औषधाच्या निमित्ताने मागविला आणि हिरे हेमचंद जवाहिऱ्याकडून आणले, असे त्यांचे म्हणणे. हेमचंदाने मात्र साक्षीच्या वेळी आपला पोलिसांपुढील जबाब नाकारला.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी चौकशी मंडळ बसले. अध्यक्ष कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. त्यांच्यासह मीड आणि मेलव्हिल हे इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद. महाराजांच्या वतीने इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. त्यांनी रसायनज्ञांच्या निष्कर्षाशी भांडण काढले नाही, आणि यातच त्यांचे चातुर्य होते. सोमल होता, हे मान्य केल्यावर त्यांनी विचारले ते एवढेच, की तो महाराजांच्या हुकमाने आला हे कोण सांगते? ज्यांनी गुन्हा कबूल करून माफी घेतली तेच. पट्ट्यातील पुडी इतक्या दिवसांनी आणि पोलिसांच्या हातीच कशी सापडली, यावर त्यांनी कडक शंका घेतली. नळीतील कडे विषाचे नाव सांगते, ते घालणाऱ्याचे किंवा घालविणाऱ्याचे नाव सांगत नाही. आरोपाची उभारणी मात्र दोन्ही गोष्टी एकच असल्यासारखी झाली होती.

मार्चअखेर निकाल आला तो दुभंगलेला. तीन इंग्रज सभासदांनी महाराज दोषी ठरविले. तिघा हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाला नाही, असे मत दिले. एकच पुरावा, एकच रसायन-अहवाल, आणि दोन निर्णय. हिंदी सभासदांवर पक्षपाताचा आरोप तेव्हाच्या इंग्रजी पत्रांनी केला, पण माफीच्या साक्षीदारांवर एवढा भार टाकणे कोणत्याही काळच्या न्यायाला जड जावे. दिनकररावांसारखा इंग्रजांच्या विश्वासातला, कायदा जाणणारा माणूस त्या बाजूला उभा राहिला, याचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

सरकारपुढे पेच उभा राहिला आणि त्याने तो आपल्या पद्धतीने सोडविला. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. पण जाहीरनाम्यात कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हे, तर दुर्वर्तन, कुशासन आणि सुधारणेची अक्षमता यांचे. याच कारणांसाठी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती, ती पुरी होण्याच्या आतच गादी गेली. पुण्यात सार्वजनिक सभेने आणि वृत्तपत्रांनी निषेध नोंदविला, वासुदेव बळवंत फडके यांच्या व्याख्यानांना याच संतापाने धार आली, आणि या प्रकरणावर मराठीत नाटकही लिहिले गेले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये वारस नाही म्हणून खालसा झाले होते, आणि त्या राज्यात मोडणाऱ्या सौंसर-लोधीखेड्याकडील मराठी मुलखाला मराठी गादी जाणे म्हणजे काय ते ठाऊक होते. बडोद्याचे राज्य मात्र खालसा झाले नाही. १८५७ नंतर इंग्रजांचे ते धोरण बदलले होते.

लक्ष्मीबाईंच्या पुत्राचा हक्क नाकारण्यात आला. ज्या जमनाबाई जिवाच्या भीतीने बडोदे सोडून गेल्या होत्या त्यांनाच परत बोलावून दत्तक घेण्याचा अधिकार देण्यात आला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा मे १८७५ मध्ये तिसरे सयाजीराव म्हणून दत्तक आला. गावोगाव ग्रंथालये नेणारे महाराज म्हणून पुढे त्यांची कीर्ती झाली.

मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आले आणि तेथे डोव्हटन हाऊस या बंगल्यात पहाऱ्याखाली ठेवण्यात आले. पाद्र्याच्या सात वर्षांच्या कैदेनंतर राज्य मिळाले ते सुमारे साडेचार वर्षे, आणि मग पुन्हा सात वर्षांची कैद. या काळात त्यांच्यावरील आरोपाची फेरतपासणी झाली नाही आणि त्यांना बडोदेही पुन्हा दिसले नाही. १८८२ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मद्रास येथेच ते मरण पावले.