तराजूवाला लॅव्हाझिए

अकरावीत रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात वस्तुमान अक्षय्यतेचा नियम होता आणि त्याखाली आंत्वान लॅव्हाझिएचं नाव. नियम पाठ केला, मार्क मिळाले, पुढे मी साहित्याकडे आलो. पण हा माणूस काही डोक्यातून गेला नाही.

त्याचा जन्म १७४३ चा, पॅरिसमधला. वडील वकील, घरी पैसा. त्यानेही कायद्याची पदवी घेतली, पण ओढ प्रयोगांची. पाणी खूप तापवलं की त्याची माती होते, असं तेव्हा चांगली शिकलेली माणसंही मानायची. तळाशी गाळ दिसायचाच ना! लॅव्हाझिएने काचेच्या बंद भांड्यात पाणी १०१ दिवस तापत ठेवलं. आधी भांडं तोललं, पाणी तोललं, शेवटी सगळं पुन्हा तोललं. एकूण वजन तेवढंच. मात्र रिकामं भांडं हलकं झालं होतं, आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचा गाळ जमला होता. म्हणजे माती पाण्याची झाली नव्हती, काच झिजली होती. दिसतं ते खरं असेलच असं नाही, आधी तोलून बघा – त्याची पुढची सगळी कामं मला याच प्रयोगातून निघालेली वाटतात.

वस्तू जळताना तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं, हीसुद्धा तेव्हाची पक्की समजूत. पण गंधक आणि फॉस्फरस जळल्यावर जड होतात, हे त्याने १७७२ मध्ये तोलून पाहिलं. बाहेर पडलं तर वजन वाढेल कसं? १७७४ मध्ये इंग्लंडचा जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आला आणि जेवताना त्याने पाऱ्याच्या लाल भस्मातून मिळालेल्या नव्या वायूची गोष्ट सांगितली. त्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळते. लॅव्हाझिएने मग पारा १२ दिवस तापवला, हवा किती कमी झाली ते मोजलं, लाल भस्म पुन्हा तापवून तीच हवा परत मिळवली. जळणं म्हणजे हवेतला हा भाग घेणं, हे सिद्ध झालं. त्यानेच त्याला ऑक्सिजन नाव दिलं. पण आपल्या निबंधात प्रिस्टलीचं ऋण त्याने मानलं नाही. गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणारा माणूस इथे मात्र खातं कोरं ठेवतो! गंमत म्हणजे ऑक्सिजन या नावाचा अर्थ आम्ल तयार करणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच, हा त्याचा समज पुढे चुकीचा ठरला.

१७७१ मध्ये त्याचं लग्न झालं. मारी-आन फक्त १३ वर्षांची, तो २८ चा. आज वाचताना अंगावर येतं. तिने इंग्रजी शिकून त्याच्यासाठी भाषांतरं केली, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या. १७८९ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथातली उपकरणांची चित्रं तिचीच.

हा सगळा खर्च चालायचा कशावर? राजाच्या वतीने कर वसूल करणाऱ्या खासगी मंडळीत त्याचा हिस्सा होता. मिठावर कर, तंबाखूवर कर, पॅरिसमध्ये येणाऱ्या मालावर जकात. जकात चुकवता येऊ नये म्हणून शहराभोवती भिंत बांधायची सूचनाही त्याचीच, आणि १७८४ नंतर ती उभी राहिली. लोक भयंकर चिडले. क्रांतीने शास्त्रज्ञाचा बळी घेतला असं सरसकट म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. तो पकडला गेला करवसुलीवाला म्हणून. तंबाखूत जास्त पाणी घातल्याचाही आरोप या मंडळींवर होता. गुन्ह्याला मृत्युदंड शोभत नव्हता, हे वेगळं. नव्या मापनपद्धतीसाठी ठराविक आकारमानाच्या पाण्याचं वजन ठरवण्याचं काम त्याने त्याच क्रांतिकाळात केलं होतं.

८ मे १७९४ ला सकाळी खटला झाला आणि त्याच दिवशी गिलोटिन. तो ५० वर्षांचा होता. मारी-आनचे वडीलही त्याच रांगेत होते. नवरा आणि बाप एकाच दिवशी गेले, नंतर तिलाही काही काळ तुरुंगात टाकलं. सुटल्यावर तिने त्याचे निबंध छापून घेतले. १८०५ मध्ये तिने शास्त्रज्ञ रम्फर्डशी लग्न केलं, ते टिकलं नाही. पण त्या लग्नातही लॅव्हाझिए हे आडनाव तिने सोडलं नव्हतं.