डनलॉप: हवेचा टायर बनवणारे जनावरांचे डॉक्टर आणि आपल्या बाईकचं वळण

गेल्या वर्षी मी माझ्या १५० सीसी बाईकचा मागचा टायर बदलला. कंपनीने दिलेला होता १००/९०-१७. मला मात्र मागून रुंद, दणकट दिसणारी बाईक हवी होती, म्हणून हट्टाने १२०/८०-१७ बसवून घेतला. फोटो काढले, स्टेटसला टाकले. त्याच रविवारी नगरहून पाथर्डीला निघालो आणि करंजी घाटात डावीकडच्या एका वळणावर बाईक नेहमीसारखी झुकेचना. वळणाबाहेर जात जात ती रस्त्याच्या मधल्या रेषेपर्यंत गेली. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. वाचलो, पण हात बराच वेळ थरथरत होते.

घरी येऊन, नक्की काय चुकलं ते शोधायला बसलो. शोधता शोधता पोहोचलो थेट १८८७ सालच्या बेलफास्टमध्ये, एका जनावरांच्या डॉक्टरांच्या अंगणात. त्यांचं आडनाव आपण सगळ्यांनीच टायरवर वाचलंय: डनलॉप. पण हे नाव एका माणसाचं आहे, हे कितीजणांना माहीत असतं? चला, आज त्यांचीच गोष्ट पाहू. त्यात आपल्या बाईकचं उत्तरही सापडेल.

शेतकऱ्याचा मुलगा, घोड्यांचा डॉक्टर

जॉन बॉईड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोला पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षं तिथेच काम केलं. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना चांगलाच मोठा झाला. त्या काळात वाहतूक म्हणजे घोडे, त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमतरता नव्हती.

इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. पण रबराशी ओळख होती आणि हाताने वस्तू बनवायची सवय होती. आपल्याकडे कसं, एखादा शेतकरी गरजेपोटी स्वतःच अवजार बनवतो आणि ते कंपनीच्या अवजारापेक्षा भारी निघतं? तसंच काहीसं.

अंगणातला प्रयोग

त्यांचा लहान मुलगा जॉनी तीन चाकी सायकल चालवायचा. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे आणि सायकलची चाकं कडक. प्रत्येक दगडाचा दणका थेट हाडांपर्यंत! दणके कमी कसे होतील आणि सायकल सोपी कशी पळेल, या विचारात डनलॉप पडले.

ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी बनवून तिच्या कडेभोवती बसवली, वरून कापड खिळ्यांनी ठोकलं आणि नळीत हवा भरली. मग अंगणात दोन चाकं ढकलली: एक जॉनीच्या सायकलचं कडक चाक, दुसरं हे हवेचं. कडक चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक मात्र अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उलट फिरलं.

असं का झालं? कडक चाक दगडावर आपटलं की अख्खं चाक वर उचललं जातं. प्रत्येक आपटीत त्याची थोडी ताकद वाया जाते. हवेचं चाक दगडाला तेवढ्यापुरतं आत घेतं आणि पुढे निघून जातं. उचल कमी, म्हणून वेग टिकतो. सस्पेन्शनचं कामही थोडंफार इथेच होतं, तेही एकही स्प्रिंग न लावता.

मग त्यांनी जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसवले आणि पुढे सुधारणा करत ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळवलं.

आधी हसले, मग हरले

१८ मे १८८९. बेलफास्टमधल्या सायकल शर्यतीत विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे फुगीर टायर लावून उतरला. बाकी सगळ्यांकडे बारीक, भरीव रबराचे टायर. त्या जाड्या टायरांची लोकांनी टिंगल केली. शर्यत संपली तेव्हा टिंगल थांबली होती. ह्यूम जिंकला आणि नंतर लिव्हरपूललाही त्याने एक सोडून बाकी सगळ्या शर्यती मारल्या.

हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांची मुलंही होती. ड्यू क्रॉस यांनी मुलांना दोष देण्याऐवजी टायर नीट पाहिला आणि त्याच वर्षी डनलॉप यांच्यासोबत कंपनी उभी केली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे जाड टायर जुन्या सायकलींच्या चौकटीत मावत नव्हते, त्यांच्यासाठी सायकलच नव्याने बनवावी लागली. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून टायर बदलणं म्हणजे गाडी बदलणं होतं. आपण मात्र आज टायर बदलताना ब्रेक शू बदलल्यासारखं वागतो.

आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची गोष्ट: शर्यत जिंकली ती आतल्या हवेने, रुंदीने नाही. टायर जाड दिसला, कारण हवेला जागा हवी होती. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी आपण रुंदीच्या मागे आहोत आणि हवा तपासायला विसरतो.

सायकलवरून बाईकवर

सुरुवातीचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की दिवस गेला! १८९० मध्ये वेल्च या इंग्रज माणसाने टायरच्या कडेत तार घालून तो रिममध्ये अडकवायची युक्ती काढली. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंचे काढता-घालता येणारे टायर लावून टेरों हा सायकलपटू पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी शर्यत जिंकला. टायर बदलणं सोपं झालं आणि १८९४ मध्ये जर्मनीत विक्रीसाठी बनलेल्या पहिल्या मोटरसायकलला हवेचेच टायर होते.

दोन चाकांची गाडी नुसती हँडल फिरवून वळत नाही, ती झुकून वळते. ताशी ४० किमी वेगाने २० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर साधारण ३२ अंश झुकावं लागतं. त्या क्षणी गाडी टायरच्या मधल्या भागावर नसते, बाजूच्या गोलाईवर असते. म्हणून बाईकचा टायर कारसारखा चपटा नसतो, गोल असतो. ही गोलाई बिघडली की वळण बिघडतं.

आता माझी चूक काय होती ते पाहू.

पहिली, रुंदी. १२० चा टायर १०० साठी बनलेल्या अरुंद रिममध्ये चेपून बसला आणि त्याची गोलाई बदलली. पुढचा टायर जुन्याच आकाराचा. दोन्ही टायर एका लयीत झुकेनात. रुंद टायरला झुकवायला जोरही जास्त लागतो. शिवाय बाजूची उंची ९० मिमीवरून ९६ मिमी झाली. ६ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण मागची बाजू तेवढी उचलली जाते आणि हँडलचा स्वभाव बदलतो.

दुसरी, हवा. टायर बसवताना किती हवा भरली ते मी पाहिलंच नव्हतं. घाटातून परत आल्यावर मोजली तर ८ पीएसआय कमी! हवा कमी असली की टायरची बाजू मुडपते आणि गाडी हँडलचं सांगणं उशिरा ऐकते.

आणि ग्रिपचं काय? एक ढोबळ हिशेब करू. मागच्या चाकावर १२० किलो भार आहे आणि हवा २८ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. भागाकार केला की टायर रस्त्याला टेकतो ती जागा येते ६० चौरस सेंटिमीटर, जेमतेम अर्धा तळहात. या हिशेबात टायरची रुंदी कुठे आली? आलीच नाही. टायर रुंद केला की हा ठसा आडवा होतो, पण फारसा मोठा होत नाही. तो किती असेल हे मुख्यतः भार आणि हवा ठरवतात.

आपल्या नगरमध्ये १९७२ पासून कायनेटिकची लुना बनायची. तिचे टायर किती बारीक होते ते घरच्या मोठ्यांना विचारा. त्या वजनाला आणि वेगाला ते पुरायचे. नगरचीच व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. अशा चाचण्यांमधून गाडी पास होते ती ठरलेल्या साइझच्या टायरसह. साइझ बदलली की गॅरेजबाहेर उभी राहते ती गाडी कुणी तपासलेली नसते.

पेटंट गेलं, नाव राहिलं

डनलॉप यांच्या गोष्टीचा शेवट मात्र थोडा कडू आहे. कंपनी सुरू झाल्यावर लवकरच कळलं की हवेच्या टायरची कल्पना नवी नाही. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानेच १८४५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. त्याने लंडनमध्ये घोडागाडीला असे टायर लावूनही दाखवले होते. पण तेव्हा सायकली नव्हत्या, रबर महाग होतं आणि जग ते विसरून गेलं. डनलॉप यांचं मूळ पेटंट रद्द ठरलं.

१८९५ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि शेअर विकले. पुढच्याच वर्षी तो धंदा ३० लाख पौंडांना विकला गेला, पण तोवर ते त्यात नव्हते. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. टायरवर त्यांचं नाव राहिलं, टायरमधून आलेला पैसा बहुतेक इतरांनी नेला.

मग त्यांचं श्रेय काय? कल्पना थॉमसनची, तारेची कड वेल्चची, व्यापार ड्यू क्रॉस यांचा. डनलॉप यांनी केलं ते एवढंच: दोन चाकं शेजारी ढकलून कोणतं जास्त जातं ते डोळ्यांनी पाहिलं आणि मगच मुलाच्या सायकलला बसवलं. मी नेमकं हेच केलं नव्हतं. फोटो पाहिले आणि थेट घाट गाठला.

टायर बदलताना एवढं पाहा

- मागे स्विंगआर्मजवळ किंवा चेनकव्हरवर साइझ आणि हवेचा दाब लिहिलेला असतो, मॅन्युअलमध्येही असतो. तोच पाळा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा.
- टायरच्या बाजूला चार आकडे असतात. १८२४ म्हणजे २०२४ सालचा १८ वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर घेऊ नका.
- बाण असेल तर तो चाक फिरायच्या दिशेनेच हवा.
- पुढे रेडियल आणि मागे साधा, अशी मनाने जोडी लावू नका. कंपनीने दिली तीच जोडी ठेवा.
- सरळ हायवेवर रोज पळणारा टायर मध्येच झिजून चपटा होतो. असा टायर वळणात आधी अडतो आणि मग कडेवर एकदम पडतो. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत झीज आली की बदला.
- नवा टायर गुळगुळीत असतो आणि त्याची गोलाईही वेगळी वाटते. पहिले १००-१५० किमी सावकाश चालवा, हळूहळू झुकवा. घाट नंतर.

मी १२० चा टायर काढला आणि कंपनीच्या साइझचा बसवला. आधी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तीन-चार दिवस चालवून पाहिला, मग करंजी घाटात गेलो. तेच डावं वळण, तोच वेग. बाईक आपल्या लेनमध्ये झुकली आणि बाहेर पडली. मागून बारीक दिसते, हे खरं. पण आता निघण्याआधी हवा मोजतो.