अंडाशय शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक : डॉ. इफ्राइम मॅक्डॉवेल

माणसाचे पोट उघडले की मृत्यू अटळ, अशी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी वैद्यकविश्वाची ठाम समजूत होती. भूल देण्याचे तंत्र अस्तित्वात नव्हते. जखमेत पू का होतो, हेही कोणास उमगले नव्हते. अशा काळात अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल या छोट्या गावी एका डॉक्टरांनी एका महिलेच्या अंडाशयातील प्रचंड गाठ समूळ काढली आणि तिला जीवदान दिले. ते डॉक्टर म्हणजे इफ्राइम मॅक्डॉवेल.

मॅक्डॉवेल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १७७१ रोजी व्हर्जिनियात झाला. वडील सॅम्युएल यांच्या नेमणुकीमुळे १७८४ मध्ये कुटुंब डॅनव्हिलला स्थायिक झाले. स्टॉन्टन येथे डॉ. हम्फ्रीज यांच्या हाताखाली प्राथमिक धडे घेऊन १७९३ मध्ये ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. तेथे नामवंत शल्यचिकित्सक जॉन बेल यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पदवी न घेताच १७९५ मध्ये ते परतले. मात्र कुशल शल्यचिकित्सक म्हणून त्यांचा लौकिक लवकरच दूरवर पसरला.

डिसेंबर १८०९ मध्ये त्यांना सुमारे ६० मैलांवरील ग्रीन काउंटीतून बोलावणे आले. जेन टॉड क्रॉफर्ड या पंचेचाळिशी ओलांडलेल्या महिलेचे पोट कमालीचे वाढले होते. दिवस उलटूनही प्रसूती होत नाही, असा स्थानिक डॉक्टरांचा समज होता. सोनोग्राफी तर सोडाच, स्टेथोस्कोपचाही शोध तेव्हा लागलेला नव्हता. मॅक्डॉवेल यांनी हाताने अंतर्गत तपासणी केली. गर्भाशय रिकामे आढळले. तेव्हा ही गर्भधारणा नसून अंडाशयाची गाठ आहे, असे निदान त्यांनी केले.

यापुढचा प्रसंग त्यांच्या चरित्रात सर्वांत मोलाचा ठरतो. अशी गाठ काढून रुग्ण वाचल्याचे एकही उदाहरण आपल्याला ठाऊक नाही, हा केवळ प्रयोग ठरेल, हे त्यांनी जेन यांच्यापासून लपविले नाही. डॅनव्हिलला येण्याची तयारी असेल तरच शस्त्रक्रिया करू, असे त्यांनी सांगितले. जेन यांनी निर्णय घेतला. ऐन हिवाळ्यात, पोटातील गाठ खोगिराच्या पुढच्या भागावर टेकवून, त्यांनी घोड्यावरून तो दीर्घ प्रवास पूर्ण केला.

शस्त्रक्रिया नाताळच्या दिवशी झाली, असे परंपरेने मानले जाते. पुतणे जेम्स मदतीला होते. पोटाच्या डाव्या बाजूस सुमारे ९ इंचांचा छेद घेण्यात आला. गाठ इतकी मोठी होती की ती अखंड बाहेर काढणे अशक्य ठरले. मॅक्डॉवेल यांनी गर्भाशयालगत गर्भनलिकेभोवती घट्ट दोरा बांधून रक्तस्रावाची वाट रोखली, गाठ फोडून आतील बुळबुळीत द्रव्य काढले व नंतर पिशवी कापून वेगळी केली. एकूण वजन भरले साडेबावीस पौंड, म्हणजे सुमारे १० किलो! हे सारे २५ मिनिटांत आटोपले. तेवढा वेळ शुद्धीवर असलेल्या जेन स्तोत्रे म्हणत होत्या, असे सांगितले जाते. पाचव्या दिवशी मॅक्डॉवेल भेटीस गेले, तर त्या स्वतःचे अंथरूण आवरत होत्या. २५ दिवसांनी त्या घरी परतल्या आणि पुढे ३२ वर्षे जगल्या.

यशाचा डांगोरा मॅक्डॉवेल यांनी पिटला नाही. आणखी दोन रुग्णांवर उपचार केल्यानंतरच १८१७ मध्ये त्यांनी आपला वृत्तान्त फिलाडेल्फियातील नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या दोघी कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. वृत्तान्तात त्यांची नावे नाहीत. जेन यांना मिळालेले होकार-नकाराचे स्वातंत्र्य या दोघींना कितपत होते, हा प्रश्न आज विचारल्यावाचून राहवत नाही.

वैद्यकविश्वाने प्रारंभी या वृत्तान्तावर विश्वास ठेवला नाही. लंडनमधील संपादक जेम्स जॉन्सन यांनी त्याची खिल्ली उडविली. पुढे मात्र त्यांनी चूक कबूल केली. १८२५ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने मॅक्डॉवेल यांना सन्माननीय पदवी दिली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेम्स पोक यांचा मूतखडाही त्यांनीच काढला होता. २५ जून १८३० रोजी पोटाच्याच विकाराने त्यांचे निधन झाले. तो बहुधा अपेंडिक्सचा दाह असावा, असे मानले जाते. ज्यावर आज पोट उघडून सहज इलाज होतो, त्याच आजाराने पोट उघडण्याची वाट दाखविणाऱ्याचा बळी घ्यावा, हा दैवदुर्विलासच!

आज अंडाशयाच्या गाठीचे निदान सोनोग्राफी व रक्ततपासणीच्या आधारे होते. अनेक साध्या गाठी दुर्बिणीद्वारे काढता येतात, तर काही केवळ देखरेखीखाली ठेवल्या जातात. कर्करोगाचा संशय असल्यास गाठ पोटात फुटू न देण्याची दक्षता घेतली जाते. साधने बदलली, परंतु अचूक निदान, रुग्णास दिलेली खरी माहिती आणि तिची संमती हा पाया तोच आहे. डॅनव्हिलमधील मॅक्डॉवेल यांचे घर संग्रहालयाच्या रूपाने जतन करण्यात आले आहे. त्या घराचा इतिहास जितका डॉक्टरांचा, तितकाच जेन क्रॉफर्ड यांचाही आहे.