उत्तनचे मूळ, माझगावचे घर : काका बाप्टिस्टा यांचे अल्पचरित्र

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी म्हण आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. तथापि संत मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने केला. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन माळा ओवून मगच तो प्रभूच्या जन्माच्या हकिकतीकडे वळतो. प्रभूचे कूळ सांगण्यात त्यास संकोच वाटला नाही. मग आपले कूळ सांगण्यात आपणास तो का वाटावा? या ज्युबिली-स्मरणिकेसाठी काय लिहावे याचा विचार करीत असता हाच प्रश्न आमच्या मनात घोळत होता. पोंभुर्ण्याच्या या अरण्यप्रांतात आपणा कॅथलिकांस, तुम्ही मूळचे कोठले, असे पुष्कळदा विचारले जाते. आणि हे लोक येथले नव्हेत, असा भाव त्या विचारण्यात कधी कधी असतो. या प्रश्नाचे उत्तर ज्याने वादाने नव्हे तर आपल्या आयुष्याने दिले, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांना सारा महाराष्ट्र काका म्हणून ओळखीत असे. त्यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. पाखाडी म्हणजे घरांची लहानशी वस्ती. माझगाव हे मूळच्या सात बेटांपैकी एक. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचा विवाह इंग्लंडच्या राजाशी ठरला, तेव्हा मुंबई आंदणात गेली. पुढे गोद्या झाल्या, जहाजांचा राबता वाढला आणि माझगाव नाना देशींच्या लोकांचे गाव बनले. गोव्याचे दर्यावर्दी येथे आपापल्या गावांच्या कुडांत उतरत. चिनी लोकांनीही येथे आपले मंदिर बांधले. साष्टी व वसईकडील ख्रिस्ती कुटुंबे लाकडी सज्जांची बैठी-दुमजली घरे बांधून राहिली. म्हातारपाखाडीत तशी घरे आजही पाहावयास मिळतात.

काकांचे वडील भाईंदरजवळच्या उत्तनचे. मुंबईस जन्मलेल्या या मुलाचे मूळ शोधू गेल्यास वाट त्या समुद्रकाठच्या गावाकडे जाते. उत्तन हे कोळ्यांच्या होड्यांचे आणि जुन्या ख्रिस्ती वस्तीचे गाव. 1534 साली वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हापासून तेथे ख्रिस्ती धर्म रुजू लागला. 1739 साली चिमाजी आप्पांनी तो मुलूख जिंकला. राज्ये पालटली, पण लोकांची श्रद्धा व बोली पालटली नाही. बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे आली, हे खरे. पण ओव्या, हळदीचे विधी आणि घरातील बोलणे मराठीच राहिले. आपल्या झाडीपट्टीची झाडीबोली जशी मराठी, तशीच ती किनाऱ्याची बोलीही मराठीच.

या लोकांस ईस्ट इंडियन म्हणतात, ही एक मौजच आहे. राहणार पश्चिम किनाऱ्याचे आणि नाव पूर्वेचे! 1887 साली राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास त्यांनी हे नाव धारण केले. गोवा व मंगळूरकडून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण वेगळे, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन, असे दाखविण्याचा त्यात हेतू होता. येणेप्रमाणे एका समाजाने पोटासाठी आपली ओळख सरकारच्या नावाशी जोडली. आणि त्याच समाजातील एका पुत्राने आपली ओळख स्वराज्याशी जोडली.

काकांचे प्राथमिक शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत झाले. पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून त्यांनी जंगलखात्यात काही काळ नोकरी केली. आपणा वनवासी जिल्ह्यांतील लोकांस हे वाचून आपलेपणा वाटेल. नंतर ते केंब्रिजला गेले, राज्यशास्त्राची पदवी घेतली व बॅरिस्टर झाले. त्या काळी आयर्लंडचे कॅथलिक लोक स्वशासनासाठी झगडत होते. त्या चळवळीचा काकांच्या मनावर खोल ठसा उमटला, आणि हिंदुस्थानासही तोच मार्ग लागू पडेल असे त्यांच्या मनाने घेतले.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. टिळकांच्या कायदेशीर सल्लागारांत त्यांचे स्थान मोठे होते. 1910 साली सुरू झालेल्या सावरकरांवरील खटल्यात बचावाच्या वकिलांत तेही होते. 1916 साली बेळगावास टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद काकांकडे आले. पुढल्या वर्षी ते इंग्लंडास गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडून आले. एक धर्मनिष्ठ कॅथलिक गृहस्थ चित्पावन ब्राह्मण पुढाऱ्याच्या खांद्यास खांदा लावून उभा आहे, हे दृश्य त्या काळी अनेकांस नवल वाटण्यासारखे होते. काकांस त्यात नवल वाटले नसावे. ज्या मातीत आजोबांचे थडगे, ती माती आपली. तीस परकी म्हणावयाचे कसे?

काकांचे दुसरे मोठे कार्य मजुरांसाठी होते. 1920 साली मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि काका तिच्या संस्थापकांपैकी एक होते. 1921 साली तिचे दुसरे अधिवेशन झरियाच्या कोळसाखाणींच्या मुलुखात भरले. त्याचे अध्यक्ष काका बाप्टिस्टा होते. बल्लारपूर-घुग्घुसच्या खाणींत राबणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

1901 पासून काका मुंबई नगरपालिकेत काम करीत होते. 1925-26 साली ते तिचे अध्यक्ष झाले. हेच पद पुढे महापौरपद म्हणून ओळखले जाऊ लागले. 18 सप्टेंबर 1930 रोजी त्यांचे देहावसान झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. माझगावच्या टेकडीवरील बागेस आज त्यांचे नाव आहे. म्हातारपाखाडीपासून ती टेकडी हाकेच्या अंतरावर आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. कूळ कळते ते दोन ठिकाणांहून : वडीलधाऱ्यांच्या तोंडून आणि देवालयाच्या नोंदवह्यांतून. 1563 साली त्रेंत येथील विश्वपरिषदेने धर्मगुरूंस विवाह व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा केली, म्हणून आज कित्येक गरिबांस पणजोबांचे नाव सापडते. एरवी एवढी जुनी लेखी वंशावळ राजे-सरदारांच्याच घरी असावयाची. पूर्वी एका धर्मग्रामात असता एक वृद्ध गृहस्थ आपल्या आईच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहावयास आले. आम्ही कपाट उघडले, तो त्या सालाची वही वाळवीने खाल्लेली. ते काही बोलले नाहीत. वहीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. तो दिवस आम्ही विसरलो नाही.

आपल्या चांदा धर्मप्रांताचे कार्य 1962 साली केरळातील धर्मगुरूंच्या हाती सोपविले गेले. पूर्व बंगालचे निर्वासित याच अरण्यात येऊन शेतकरी झाले. आपल्यांतही कोणी येथल्याच गावचे, तर कोणी दूरदेशाहून आलेले असतील. तरी धर्मग्रामस्थहो, या ज्युबिली वर्षात प्रत्येक घराने एक वही करावी. आजा-पणजांची नावे, त्यांचे गाव, ते कोणत्या कारणाने निघाले व येथे कोणी त्यांस आसरा दिला, हे म्हातारी माणसे हयात आहेत तोवर विचारून लिहावे. आसरा देणाऱ्याचे नाव मात्र विसरू नये, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. उद्या कोणी आपल्या नातवास, तू मूळचा कोठला, असे विचारले तर त्याने ती वही उघडून दाखवावी, आणि पुढे काकांप्रमाणे आपल्या गावाच्या कामास लागावे.