लक्ष्मीबाई टिळक

आपल्या गावच्या मंडळीतील एखादा भाऊ प्रभूत निजला म्हणजे अंत्यविधीच्या वेळी पाळक त्याचे गुण सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच ठिकाणी, बायकांच्या बाजूस, डोकीवर पदर घेऊन बसलेली त्याची बायको आणखीही पुष्कळ जाणत असते. त्याचा संताप, त्याने उधळलेला पैसा, तो घर टाकून गेला ते महिने, हे सर्व तिच्या पोटात असते. बोलावे तर मेलेल्या माणसाची निंदा होते. न बोलावे तर जे ऐकले ते तिला अर्धेच वाटते. ह्या अडचणीतून एका मराठी बाईने जशी वाट काढली तशी फारच थोड्यांनी काढली असेल. त्या बाई म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत. टिळकांची पदे आपण दर रविवारी गातो. पण त्या पदांमागचे घर कसे होते हे लक्ष्मीबाईंवाचून आपणांस कळले नसते.

लक्ष्मीबाईंचा जन्म इ. स. १८६८ मध्ये नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. बापाचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे. कोणाची सावली पडेल, कोणाचा स्पर्श होईल, ह्या धास्तीत सारे घर दिवस काढीत असे. अशा घरात वाढलेल्या मुलीस पुढे काय काय करावे लागले ते ध्यानात घेतले, म्हणजे तिची वाट किती लांबची होती हे कळते. शाळेचे तोंड तिने कधी पाहिले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी, इ. स. १८८० च्या सुमारास, तिचे लग्न नारायण वामन टिळक ह्या तरुणाशी झाले.

टिळकांचा जन्म इ. स. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईवर त्यांचा फार जीव होता. ती त्यांच्या लहानपणीच वारली. बाप तापट, त्यांचे व मुलाचे पटले नाही, आणि मुलगा घर सोडून नाशिकास आला व तेथे विद्या शिकू लागला. बापाचा ताप मुलात उतरला होता हे सांगितलेच पाहिजे. टिळक मनाने लोण्यासारखे, पण राग आला म्हणजे भान राहत नसे; आणि राग उतरला म्हणजे तेच लहान मुलासारखे विरघळून जात. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. दारी कोणी गरजू आला तर उद्या घरात काय शिजेल ह्याचा विचार न करता असेल ते देऊन टाकीत. सर्वांत अवघड गोष्ट ही की ते न सांगता निघून जात. आज येथे मास्तर, उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार, परवा कोठे संपादक. बायकोने माहेरी किंवा नातलगांकडे वाट पाहत बसावयाचे. त्यातच लहान मुले दगावली. इ. स. १८९१ मध्ये झालेला देवदत्त तेवढा पुढे वाढला.

लक्ष्मीबाई तरी अगदी गरीब गाय होत्या असे नाही. त्या हट्टी होत्या, तोंडाने फटकळ होत्या, आणि नवऱ्यास टाकून बोलावयास मागेपुढे पाहत नसत. दोघांची भांडणे होत व दोघांचे मनोमीलनही तितक्याच जोराने होई. हे सर्व पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

इ. स. १८९३ मध्ये टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने त्यांच्याशी प्रेमाने बोलणे केले व एक नवा करार दिला. टिळक वाचीत गेले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांस धरले ते सोडिले नाही. दोन वर्षे ही झुंज चालली. शेवटी ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो आपल्याच देशातील पाळक रे. तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला.

येथवरची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु त्या दिवशी नाशिकाकडे एका बाईचे घर बुडाले, हे सहसा कोणी सांगत नाही. लक्ष्मीबाईंस तेव्हा सव्वीस वर्षे पुरी झाली होती. पदरी तीन-चार वर्षांचे मूल. नवरा जिवंत असून जगाच्या दृष्टीने मेलेला. कुंकू लावावे की पुसावे, हेही ठरवणे कठीण. नातलगांनी त्यांस आधार दिला, हे त्या कधी विसरल्या नाहीत. ज्यांना आपण धर्मवेडे म्हणू अशा माणसांनीच त्यांस व मुलास वर्षानुवर्षे अन्न दिले. शोक इतका झाला की शरीर खंगले, आणि त्या शोकातच, लिहिणे धड येत नसता, त्यांच्या तोंडून कविता निघू लागल्या.

टिळकांनी ह्या काळात एक गोष्ट चांगली केली, व उपदेशक बंधूंनी ती मनात धरावी असे मला वाटते. त्यांनी दुसरी बायको केली नाही, पहिलीवर जबरदस्ती केली नाही, आणि पत्रे पाठवण्याचे सोडिले नाही. पत्रांत भांडणे असत, विनवण्या असत, कविता असत. अशी चार-पाच वर्षे गेल्यावर लक्ष्मीबाई मुलास घेऊन त्यांच्याकडे राहावयास आल्या. मात्र त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे, आपले सोवळे शाबूत. नवरा ख्रिस्ती, त्याच्या शेजारी बायको ब्राह्मणी. आणि टिळकांनी तिच्या चुलीला हात लावला नाही. आपल्यात कित्येक भाऊ बाप्तिस्मा घेतात आणि दुसऱ्याच दिवशी बायकोने देव्हारा फेकावा म्हणून तिच्याशी दांडगाई करितात. टिळकांसारखा शीघ्रकोपी मनुष्य ह्या एका बाबतीत धीर धरू शकला, ह्याचे मला नेहमी नवल वाटते.

ती चूल वादविवादाने मोडली नाही. लक्ष्मीबाई एके दिवशी एकट्याच विचार करीत बसल्या. जात देवाने केली की मनुष्याने? देवाने केली असती तर निरनिराळ्या जातींच्या जन्मात, मरणात, हाडामांसात काही तरी भेद त्याने ठेविला असता. पशूंत ठेविला तसा. मग हा भेद मनुष्याचाच. असे मनाशी ठरले तेव्हा त्यांनी कोणास विचारिले नाही; त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर आला, हळूहळू, आणि इ. स. १९०० मध्ये त्यांनी व देवदत्ताने राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, पण त्याच्या धाकाने नव्हे.

ख्रिस्ती झाल्याने टिळकांचा स्वभाव पालटला काय? काही पालटला, काही नाही. इ. स. १९०४ मध्ये त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. नगरास त्यांचे घर म्हणजे सर्वांची धर्मशाळा झाली. अनाथ मुले तेथे वाढली. बालकवी ठोमरे ह्या घरात काही काळ घरच्या मुलासारखे राहिले. इतक्या पानांचा स्वयंपाक कोणत्या पैशांतून व्हावयाचा, हा हिशेब अर्थातच लक्ष्मीबाईंकडे. इ. स. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक झाले. मग इ. स. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम व पगार सोडून संन्याशाची वृत्ती स्वीकारिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नावाने भक्तांचा मेळा काढिला. प्रभूसाठी सर्व टाकणे थोर खरेच. पण ज्या बाईने पहिल्यांदा एकदा सर्व गमाविले होते तिला ते दुसऱ्यांदा सोसावे लागले, हेही खरे. ता. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

त्यानंतर सतरा वर्षे लक्ष्मीबाई जगल्या. मुलाच्या नोकरीमुळे काही काळ कराचीस राहिल्या. देवदत्त बापाचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता. त्याने आईस म्हटले की तुला आठवते ते लिहून दे. त्या लिहू लागल्या. शाळेत न गेलेली, अक्षर कच्चे, जोडाक्षरे अडखळणारी म्हातारी. आठवणी आधी ‘संजीवनी’ साप्ताहिकात येत गेल्या व इ. स. १९३४ ते १९३६ ह्या काळात ‘स्मृतिचित्रे’ ह्या नावाने भागाभागाने पुस्तकरूपाने निघाल्या. सारा महाराष्ट्र ते पुस्तक वाचू लागला, ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही.

त्यात काय आहे? टिळकांचा राग आहे, उधळेपणा आहे, पळून जाणे आहे. एकही झाकलेले नाही. पण वाचणारा टिळकांचा द्वेष करीत नाही, त्यांच्यावर माया करू लागतो, कारण सांगणारी माया करिते. त्या नवऱ्याला हसतात, आणि त्याहून जास्त स्वतःला हसतात. ज्या सासरच्या, माहेरच्या माणसांनी त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर दारे लावून घेतली, त्यांच्याविषयीही एक कडू शब्द सापडणे कठीण. मी हे पुस्तक पुष्कळदा वाचिले आहे. प्रत्येक वेळी वाटते की ह्या बाईने क्षमा कोणत्या दिवशी केली तो दिवस शोधून काढावा. पण तो सापडत नाही. हिशेबाची वही कोणी हळूच चुलीत घालावी व राख मागाहून दिसावी, तसे ते झाले आहे.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. थोडेच अध्याय लिहून ते गेले. नवऱ्याने टाकलेली पुष्कळ कामे लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर निस्तरिली होती. हेही त्यांनी हाती घेतले, आणि चौसष्ट अध्याय रचून ते पूर्णतेस नेले. ते छापून निघाले इ. स. १९३८ मध्ये. परंतु त्या ते पाहावयास नव्हत्या, ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेविला. ‘स्मृतिचित्रां’चा चौथा भाग तेव्हा त्यांच्या मेजावर अपुराच होता. तो देवदत्ताने पुरा केला.